भावाचं इन्शुलिन आणि आदामाची माती

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारीच्या चौदा वर्षांच्या धाकट्या भावाला टाइप 1 मधुमेह आहे. रोगमुक्तीच्या एका सभेत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि घरच्यांना सांगण्यात आलं, की मुलगा बरा झाला, आता सुई टोचणं म्हणजे अविश्वास. ती स्वतः जीवशास्त्र शिकते. वर्गात उत्क्रांती शिकवतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांगतात, की उत्क्रांती मानलीस तर आदाम, म्हणजे ज्याच्यापासून पाप जगात आलं तो बायबलमधला पहिला माणूस, गेला, आणि आदाम गेला की ख्रिस्ताचं वधस्तंभावरचं कामही गेलं. "मी नेमकं काय मानू?" असं तिने विचारलं आहे.

मी वैद्यकीय जनुकशास्त्रातली डॉक्टर आहे. आयुष्य गुणसूत्रं मोजण्यात आणि आईवडिलांना अहवाल समजावून सांगण्यात गेलं. ख्रिस्ती आहे, आणि ते फक्त नावापुरतं नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी बोलते.

आधी इन्शुलिन. आदाम थांबू शकतो, तुझा भाऊ थांबू शकत नाही.

टाइप 1 मध्ये स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. बाहेरून इन्शुलिन मिळालं नाही, तर रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. मूल ओकायला लागतं, पोट दुखतं, खूप तहान लागते, श्वास खोल आणि भराभर चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, मग गुंगी. हे व्हायला आठवडे लागत नाहीत, एक-दोन दिवस पुरतात. यातलं काही दिसलं तर वाट न बघता इस्पितळात न्यायचं. आणि आजचा एकही डोस चुकवायचा नाही.

एक गोष्ट घरच्यांना नक्की सांग, कारण याच ठिकाणी भली माणसं फसतात. नुकतंच निदान झालेल्या मुलाला इन्शुलिन सुरू केलं, की उरलेल्या थोड्या पेशींना विसावा मिळतो आणि त्या काही आठवडे, कधी काही महिने, बऱ्यापैकी काम करतात. डोस कमी करावा लागतो, साखर छान दिसते. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात. याच दिवसांत कुणी प्रार्थना केली असेल, तर साक्ष द्यायला सगळे उभे राहतात. पुढे त्या पेशीही जातात. मी अशा घरांमध्ये बसले आहे. मूल वाचलं तरी त्याच्या मनात राहतं, की आपला विश्वास कमी पडला. ती जखम कोणत्याच तपासणीत दिसत नाही.

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. तोही चौदा वर्षांचाच होता. त्याआधी या आजाराच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने वाढवून घेण्यापलीकडे काही करता येत नसे, आणि लिओनार्डचा नुसता सांगाडा उरला होता. पहिला अर्क अशुद्ध निघाला, फारसा उपयोग झाला नाही. सुमारे दोन आठवड्यांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षं जगला. यात देवाचा हात नव्हता असं कोणता ख्रिस्ती माणूस म्हणेल? निदान मी तरी म्हणणार नाही.

"पण तो खरंच बरा झाला असेल तर?" असं घरचे विचारतील. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श करून शुद्ध केलं, तेव्हा त्याला काय आज्ञा केली ते त्यांना वाचून दाखव. जाऊन स्वतःला याजकाला दाखव, असं प्रभूने सांगितलं. त्या काळात रोग गेला की नाही हे पाहून ठरवण्याचं काम याजकाचं होतं. म्हणजे बरं झाल्याची तपासणी करून घ्या, हे खुद्द प्रभूने सांगितलं. आज ती तपासणी डॉक्टरकडे होते. स्वादुपिंड पुन्हा इन्शुलिन बनवू लागलं, तर रक्ताच्या साध्या चाचणीत ते कळतं, आणि तसं झालं तर डोस कमी करणारी पहिली व्यक्ती डॉक्टरच असेल. देवाने केलेलं काम चाचणीने पुसलं जात नाही. त्यामुळे चाचणी नको म्हणणाऱ्याच्या मनात काय चाललंय, हे मला नेहमी काळजीत टाकतं.

औषध घेणं म्हणजे अविश्वास, हे पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठेच नाही. हिज्कीया राजाला देवाने स्वतः वचन दिलं, की तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो. तरीही यशया संदेष्ट्याने अंजिरांचं पोटीस गळवावर बांधायला लावलं. वचन होतं आणि पोटीसही होतं. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. प्रभूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेचे पैसे भरले. 'प्रिय वैद्य' म्हणून पौल ज्याचा उल्लेख करतो, त्या लूकच्या नावावर आपल्याकडे एक अख्खं शुभवर्तमान आहे. याकोब तेल लावून प्रार्थना करायला सांगतो, तेव्हा तेल हे त्या काळी घरोघरी वापरलं जाणारं औषधही होतं.

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने आजारी आणि निराधार लोकांसाठी जी वसाहत उभारली, तिथे वैद्य होते, परिचारक होते, कुष्ठरुग्णांना जागा होती. आजच्या इस्पितळांच्या मुळाशी असलेल्या संस्थांमध्ये तिची गणना होते. याच बेसिलने आपल्या मठवासींसाठी लिहिताना औषधांचा प्रश्न घेतला आहे. त्याचं म्हणणं असं, की शेतीची कला जशी देवाने दिली तशी वैद्यकाची कलाही दिली. ती टाकून देणं हट्टीपणा, आणि सगळी आशा तिच्यावरच टाकणं हा दुसरा हट्टीपणा. सोळाशेहून अधिक वर्षं उलटली, आणि मला अजून याहून नेमकं काही सापडलेलं नाही.

प्रार्थनेचं मात्र मी वेगळं बोलते, कारण तिच्याविषयी दोन्हीकडून चुका होतात. 2006 मध्ये अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी ठरवून केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाल्याचं दिसलं नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांच्यात ती थोडी जास्तच आढळली. काही जण हे सांगून म्हणतात, बघा, प्रार्थना खोटी. मला वाटतं, प्रार्थनेला गोळी समजलं की असंच होणार. इतके मिलिग्राम, इतक्या वेळा, मग इतका परिणाम, असं आपण बापाशी बोलत नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने प्याला, म्हणजे समोर आलेलं मरण, टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. मी रुग्णांसाठी रोज प्रार्थना करते. डोस मात्र वजन बघून लिहिते.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. माझ्या मते तो दुसरा नाहीच. भावाचं इन्शुलिन थांबवा म्हणणारा आणि उत्क्रांती मानलीस तर देव गेला म्हणणारा, दोघांच्या मनात एकच समजूत आहे: जिथे नैसर्गिक कारण सापडलं तिथून देव उठून गेला. म्हणून एकाला औषधाचा धसका आहे, दुसऱ्याला जीवाश्माचा. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की कट्टर नास्तिकाचीही नेमकी हीच समजूत असते.

139वं स्तोत्र काढ. दावीद म्हणतो, तूच मला माझ्या आईच्या उदरात घडवलंस. आणि आता भ्रूणविज्ञानाचं पुस्तक काढ. गर्भधारणेनंतर बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय धडधडू लागतं. अठ्ठावीस दिवसांपर्यंत पाठीच्या कण्यातली मज्जानलिका बंद होते. कोणती जनुकं कधी चालू होतात, कोणती पेशी कुठे सरकते, हे आपल्याला बरंच माहीत आहे. त्यात कुठेही 'इथे देवाने हात घातला' अशी पायरी येत नाही. तरी आजवर एकाही पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, मला सांगितलं नाही, की भ्रूणविज्ञान मानलंत तर 139वं स्तोत्र खोटं ठरेल. आपण सहज म्हणतो, देवानेच घडवलं आणि असं घडवलं. एका बाळाच्या बाबतीत नऊ महिन्यांच्या नैसर्गिक प्रक्रियेतून देव निर्माण करतो हे आपल्याला चालतं, तर सगळ्या जीवसृष्टीच्या बाबतीत कोट्यवधी वर्षांच्या प्रक्रियेतून त्याने निर्माण केलं, हे का चालू नये? अनेक वर्षं विचारूनही मला याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्यायही बारकाईने वाच. 'पृथ्वी जीवधारी प्राणी उपजवो' असं देव म्हणतो. काम तो भूमीला सोपवतो, आणि पुढच्याच वचनात ते देवाने केलं असं लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याला यात विरोध दिसला नाही.

पुरावा किती पक्का आहे हे तुला वर्गात सांगतीलच. मी फक्त माझ्या टेबलावरचं दाखवते. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात 48. आम्ही शिकत होतो तेव्हा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचे, प्रत्येक गुणसूत्र कात्रीने कापायचं आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जुळवून जोड्या चिकटवायच्या. त्या पट्ट्या ओळखीच्या चेहऱ्यांसारख्या पाठ होतात. पहिल्यांदा चिंपांझीची दोन लहान गुणसूत्रं माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राशेजारी ठेवलेली पाहिली, तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. दोन टोकाला टोक लावून ठेवली की आपलं एक होतं, पट्टीला पट्टी. पुढे 1991 मध्ये जोडाच्या जागेचा क्रम वाचला गेला. गुणसूत्राच्या टोकाला असणारी टीटीएजीजीजी ही सहा अक्षरांची पुनरावृत्ती तिथे भर मध्यात, एकमेकांकडे तोंड करून सापडली. शिवाय त्या गुणसूत्रात बंद पडलेल्या जुन्या गुणसूत्रबिंदूच्या (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं त्या जागेच्या) खुणाही आहेत.

'संख्या बदलली तर जीव जगेल कसा?' असं मला मंडळीत विचारतात. याचं उत्तर माझ्या ओपीडीत येऊन बसतं. हजारात साधारण एका माणसाची दोन गुणसूत्रं जोडलेली असतात आणि त्याची गुणसूत्रं 45 भरतात. जोडण्याची तऱ्हा दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रापेक्षा वेगळी असते, पण माणूस धडधाकट असतो. कुणाला वारंवार गर्भपात झाले म्हणून तपासणी होते आणि तेव्हा कळतं, नाही तर आयुष्यभर कळतही नाही.

दुसरी खूण तुझ्या रोजच्या ओळखीची आहे. आपलं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, म्हणून ते न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येतं, स्कर्व्ही होतो. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतः बनवतात. ते बनवण्याचं जनुक आपल्यातही आहे, पण मोडलेलं. चिंपांझीतही ते मोडलेलं आहे, आणि मोडतोडीच्या खुणा जुळतात. दोन विद्यार्थ्यांच्या वहीत बरोबर उत्तर सारखं असलं तर आश्चर्य नाही. चूकही तशीच्या तशी असली, तर दोघांनी एकाच वहीतून उतरवलं हे शिक्षकाला कळतं.

बाकीचे आकडे भराभर सांगते: विश्वाचं वय सुमारे 13.8 अब्ज वर्षं, पृथ्वीचं सुमारे 4.54 अब्ज, आणि आपल्या जातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएत निअँडरथल या नामशेष मानवजातीचा एक-दोन टक्के वाटा आहे. त्या प्राचीन डीएनएच्या कामासाठी स्वांते पॅबो यांना 2022 चं नोबेल मिळालं.

कुणी म्हणेल, विज्ञानाने दाबलं म्हणून आता तुम्ही पवित्र शास्त्राचा अर्थ बदलता. हे इतिहासाला धरून नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिगेन विचारत होता, की सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी झाले, तर आधीचे तीन दिवस, संध्याकाळ आणि सकाळ, कोणत्या अर्थाने घ्यायचे? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीवर लिहिताना सहा दिवस आपल्यासारखे सूर्योदय-सूर्यास्ताचे मानले नाहीत. सृष्टीत बीजरूपाने ठेवलेल्या गोष्टी काळाच्या ओघात उलगडतात, असं त्याने मांडलं. त्याच ग्रंथात त्याने ख्रिस्ती लोकांना बजावलं आहे, की आकाश, तारे, प्राणी यांविषयी अविश्वासी माणसाला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही पवित्र शास्त्राच्या नावावर भलतंच बोललात, तर पुनरुत्थानाविषयी तो तुमचं का ऐकेल? सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनने लिहिलं, की मोशे सामान्य माणसाच्या डोळ्यांना जे दिसतं त्या भाषेत बोलतो, खगोलशास्त्र शिकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं. यातल्या कुणालाही डार्विन माहीत नव्हता. त्याचं पुस्तक 1859 मध्ये आलं.

उलट, सगळी जीवसृष्टी काही हजार वर्षांची आणि खडकांचे थर जलप्रलयाचे, हा आग्रह आज ज्या रूपात ऐकू येतो, त्याला जोर आला तो 1961 नंतर, एका अमेरिकन पुस्तकामुळे. ते मानणाऱ्यांना मी हिणवत नाही. पवित्र शास्त्रावर त्यांचं खरं प्रेम आहे, माझ्या स्वतःच्या घरात ती माणसं आहेत. त्यांचा अर्थ मला चुकीचा वाटतो, इतकंच. पण हाच एक ख्रिस्ती विचार, असं तुला कुणी सांगितलं तर ते खरं नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन मठातला होता. विश्वाचा आरंभ एका 'आद्य अणू'तून झाला असं 1931 मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. डार्विनची बाजू अमेरिकेत मांडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे प्रेस्बिटेरियन होता. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प 2003 मध्ये पूर्ण करणारे फ्रान्सिस कॉलिन्स प्रौढपणी ख्रिस्ताकडे वळले. कॅथलिक चर्चने 1950 मध्ये पोप पायस बारावे यांच्या पत्रात देहाच्या उगमाविषयी संशोधनाला मोकळीक दिली आणि आत्मा देवच निर्माण करतो हे कायम ठेवलं. 1996 मध्ये योहान पौल दुसरे म्हणाले, की उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक आहे.

लमेत्रची एक गोष्ट मला फार शिकवून गेली. 1951 मध्ये पोपनी त्याच्या सिद्धान्तात निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा सगळ्यात अस्वस्थ झाला तो लमेत्रच. धर्मगुरू असूनही त्याला आपला सिद्धान्त देवाचा पुरावा म्हणून वापरलेला नको होता. विज्ञानाला जे अजून कळलं नाही तिथे देवाला बसवायचं, आणि ते कळलं की देवाला पुढच्या फटीत सरकवायचं, यात मला देवाचा अपमान वाटतो. म्हणूनच 'ही रचना इतकी गुंतागुंतीची आहे की देवाशिवाय शक्य नाही' या युक्तिवादावर मी विश्वास टेकवत नाही. जे समजलं आहे, त्या सगळ्याचा तो देव आहे.

आता आदाम. इथे मला सगळं सोपं करून सांगता येणार नाही. आजच्या माणसांतलं जनुकीय वैविध्य पाहता, गेल्या काही लाख वर्षांत आपले पूर्वज कधीही फक्त दोन उरले होते असं दिसत नाही, ते हजारोंच्या संख्येत होते. मग पौल रोमकरांस पत्रात आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभं करतो, त्याचं काय?

काही विश्वासू ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात, आदाम म्हणजे प्रत्येक माणूस. इब्री भाषेत 'आदाम' शब्दाचा अर्थच माणूस, आणि 'आदामा' म्हणजे माती. काही म्हणतात, आदाम आणि हव्वा ही खरी माणसं, पण अनेकांमधून देवाने निवडलेली आणि सर्वांच्या वतीने त्याच्यासमोर उभी केलेली. माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे. देव नेहमी असंच करत आला: अब्राहामाला लोकांमधून बोलावलं, इस्राएलाला राष्ट्रांमधून. शिवाय आदामाचा मुलगा काइन याची गोष्ट बघ. भावाला मारल्यावर तो म्हणतो, मला जो भेटेल तो मारून टाकेल. मग त्याला बायको मिळते, तो नगर वसवतो. ही माणसं कुठून आली, हे सांगण्याची मजकुराला गरजच वाटलेली नाही. पण माझं मत हे माझं मत आहे, सगळ्या ख्रिस्ती लोकांनी मानायचा विश्वासांगीकार नाही. ज्यावर मी ठाम आहे ते एवढंच: पाप खरं आहे, ते प्रत्येक माणसात आहे, त्यातून स्वतःहून कुणी सुटत नाही, आणि ख्रिस्त त्यासाठी मेला व उठला. हे जाणायला मला गुणसूत्र लागलं नाही, स्वतःचं मन पुरलं.

"मृत्यू तर पापामुळे आला, मग माणसाआधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत कसे होते?" हे तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील. तुझा हात समोर धर. गर्भात तो आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. सातव्या-आठव्या आठवड्यात बोटांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटं सुटी होतात. त्या मेल्या नाहीत तर मूल जुळलेल्या बोटांनी जन्मतं. एदेन बागेत मना केलेलं फळ तोडणाऱ्या हातालाही बोटं होती. शरीर घडण्यातच मरण मिसळलेलं आहे. 'ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील' असं देव म्हणाला, आणि आदाम त्यानंतरही जगला, 930 वर्षांचा झाला. म्हणजे त्या दिवशी जे मेलं ते देवाशी असलेलं नातं, असं मी वाचते. जीवनाचं झाड बागेत होतं, त्यावरूनही कळतं, की अमरपणा माणसाच्या मातीत मुळातला नव्हता, तो देवाकडून मिळायचा होता.

वेदनेचंही तसंच. शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे हात अभ्यासले. बोटं रोगाने झडत नाहीत, दुखणं कळत नाही म्हणून भाजून, कापून, घासून जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. वेदना हिरावली गेली की काय होतं ते त्यांनी रोज पाहिलं, आणि वेदनेला ते देणगी म्हणत. कर्करोगाच्या शेवटच्या आठवड्यातल्या माणसासमोर मी हे वाक्य कधीच उच्चारणार नाही. तिथे मॉर्फिन द्यायचं आणि हात धरून बसायचं. पण वेदना ही फक्त शिक्षा, असंही मग म्हणता येत नाही.

जे विज्ञानाने ठरत नाही त्याकडे वळते, कारण माझं रोजचं काम तिथे आहे. देवाची प्रतिमा. शेजारच्या जुन्या साम्राज्यांत राजाला देवाची प्रतिमा म्हणत. उत्पत्तीने तो मान नर आणि नारी, प्रत्येक माणसाला दिला. ही प्रतिमा म्हणजे बुद्धी किंवा भाषा असं धरलं, तर माझ्यासमोर बसलेल्या, कधीच बोलू न शकणाऱ्या मुलीचं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच चूक करून अनेक देशांत 'सदोष' माणसांची सक्तीने नसबंदी झाली. लाज वाटते, पण त्या चळवळीला पाठिंबा देणारे पाळकही होते. विज्ञानाचं नाव घेऊन बोलणाऱ्यांना प्रश्न विचारायला मंडळी तिथे विसरली. प्रश्न विचारण्याची जागा ती आहे. खडकाचं वय नव्हे.

एक आई अहवाल हातात धरून विचारते, "कुणाच्या पापाने हे झालं, डॉक्टर?" जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं. याने पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही, हे प्रभूचं उत्तर मी कितीतरी वेळा उच्चारलं आहे. मग कागद काढते आणि दाखवते: हे जनुक, ही नवीन चूक, पेशी विभागताना झालेली, तुमच्याकडून नव्हे. तिचे खांदे खाली येतात. त्या क्षणी जनुकशास्त्र आणि शुभवर्तमान मला दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत.

गर्भाच्या जुन्या पेशींपासून वाढवलेल्या पेशींवर बनणाऱ्या लसी, टेस्ट ट्यूब बाळ, जनुकांची दुरुस्ती, यांवर ख्रिस्ती लोकांत खरे मतभेद आहेत आणि प्रत्येकावर वेगळं लिहावं लागेल. एवढंच सांगते: दुसरा पर्याय नसताना त्या लसी घेणं योग्य आहे, असं व्हॅटिकननेही 2020 मध्ये स्पष्ट केलं. टेस्ट ट्यूब पद्धतीला मात्र कॅथलिक चर्चचा विरोध आहे आणि अनेक प्रॉटेस्टंट ती काही अटींवर स्वीकारतात. रुग्णाच्या पेशीतली चूक दुरुस्त करणं मला औषधोपचारच वाटतं. पुढच्या पिढ्यांत उतरेल असा बदल भ्रूणात करणं, 2018 मध्ये चीनमध्ये झालं तसं, मला आज मान्य नाही. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला विचारता येत नाही आणि झालेली चूक परत घेता येत नाही.

घरी काय करायचं? वाद उत्क्रांतीवरून सुरू करू नकोस. आईवडील घाबरलेले आहेत, आणि कुणीतरी त्यांना सांगितलंय की सुई टाकणं हीच विश्वासाची कसोटी. त्यांना आधी हिज्कीयाचं पोटीस वाचून दाखव. मग पाळकांना घरी बोलाव, भावाच्या इन्शुलिनच्या वेळेला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, प्रार्थना करावी, आणि प्रार्थना चालू असतानाच त्याने सुई घ्यावी. मी ज्या पाळकांना ओळखते, त्यातले बहुतेक यायला नाही म्हणणार नाहीत. तुझे नाही म्हणाले, तर दुसरे शोध. आईवडील तरीही डोस बंद करणार असतील, तर भावाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन कर. तो घरच्यांशी केलेला दगा ठरत नाही, मुलाचा जीव आहे.

आदामावर आपण पुन्हा बोलू, वर्षभर बोललो तरी संपणार नाही. कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात आहेत का आणि त्यांची मुदत संपलेली नाही ना, ते आज झोपण्याआधी बघून ठेव.